काही काम होतं का?

दुपारी मी तिला नुसते "काय चाललंय?" असे विचारले आणि मिनिटभराने उत्तर आले, "काही काम होतं का?" त्यात रुक्षपणा नव्हता, उलट तत्परताच होती, तरीही "नाही, सहजच" हे टाइप केलेले शब्द मी खोडले आणि जिचे उत्तर मला ठाऊक होते अशी एक शंका तिला विचारली. तिच्या बदलीविषयी बोलायचे होते, ते राहूनच गेले.

चार वर्षे ऑफिसात शेजारी बसलेल्या माणसाला आता घरून काम करताना निमित्तावाचून हाक मारता येऊ नये, हे दिवसभर सलत राहिले. तेव्हा मुळात हाक मारावीच लागत नसे. ती हेडफोन काढून मानेवर ठेवी, खुर्ची जराशी वळवी, आणि आता बोलले तर चालेल हे कळे. आता तिच्या नावापाशी हिरवा ठिपका असतो आणि तो फक्त तिचा संगणक जागा असल्याचे सांगतो. काही मिनिटे माउस हलला नाही की तो पोकळ होतो, मग ती विचारात गढलेली असो वा झोपलेली.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिले होते की, सुमारे ५० मीटरांपलीकडे बसणाऱ्या अभियंत्यांमधले नियमित बोलणे जवळजवळ थांबते. हे वाचून आधार वाटण्याऐवजी मला रागच आला.

मागच्या महिन्यात आम्ही रोज दुपारी स्लॅक या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर हडल, म्हणजे सगळ्यांचा मिळून ऑडिओ कॉल, उघडा ठेवून पाहिला. बोललेच पाहिजे असे नाही, नुसते एकत्र बसायचे. पहिल्या दिवशी सहा जण होते, एक सोडून सगळे म्यूटवर. त्या एकाला शिंक आली, त्याने घाईघाईने "सॉरी" म्हटले आणि त्याचाही माइक बंद झाला. ऑफिसात शिंकल्याबद्दल कोणी माफी मागितल्याचे मला आठवत नाही. गेल्या आठवड्यात त्या हडलमध्ये मी एकटाच होतो. बॉटने जोड्या लावून घडवलेल्या पंधरा मिनिटांच्या गप्पांविषयी तर न लिहिलेलेच बरे.

रात्री स्वतःची कीव करत जुने चॅट चाळत बसलो, तेव्हा मार्चमधला तिचा एक मेसेज सापडला, "आहेस का?" त्यावर मी तत्काळ लिहिले होते, "हो, बोल ना, काय अडलंय?" मग तिने माझ्याकडे एका फाइलची लिंक मागितली होती आणि मीही ती कर्तव्यदक्षपणे पाठवली होती. ती फाइल तिनेच तयार केलेली होती.

उद्या तीच लिंक मी तिच्याकडे मागणार आहे.