काकुगाने आणि नागपूरचा मे महिना

‘बुसो रेनकिन’ ही मांगा (जपानी चित्रकथा) 2003 ते 2005 दरम्यान जपानी साप्ताहिकात आली. एकूण 10 खंड. त्यातला काकुगाने म्हणजे किमयेचा षट्कोनी धातू, ज्यातून हत्यार उलगडतं. नायक काझुकीच्या तुकड्यावर रोमन आकड्यांत 70 आहे, म्हणजे ‘LXX’ असं कोरायचं. त्याची सहकारी योद्धा तोकिको, तिच्या तुकड्यावर 44.

कॉस्प्लेसाठी, म्हणजे पात्राचा वेश करण्यासाठी, तो करणं सोपं. कंपासनं 3 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, तेवढ्याच अंतरानं परिघावर सहा खुणा करा, की षट्कोन तयार. 10 मिमी ईव्हीए फोम (रबरासारखा हलका फोम) घ्या; चपलांचं साहित्य विकणाऱ्याकडे मिळतो. नवं ब्लेड लावा, बोथट असलं तर कड फाटते.

खरी परीक्षा काझुकीच्या हत्याराची, म्हणजे भाल्याची. आत 1 इंची पीव्हीसी पाइप, वर 5 मिमी फोम. नागपुरात पारा 45 ला टेकला की ग्लू गनचे जोड सुटतात, उन्हात उभ्या गाडीत तर हमखास. रबर सोल्युशनच वापरा: दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलंच दाबलं तर जोड सरकतो. रंगाआधी हीट गन फिरवा, मग पातळ फेविकॉलचे तीन-चार थर. नाहीतर फोम चंदेरी रंग पिऊन टाकतो.

तोकिकोचं हत्यार, म्हणजे मांडीवर लावलेले चार पात्यांचे हात, पहिल्यांदाच करू नका. वजन पट्ट्याला खाली ओढतं; कमरेच्या बेल्टला जोडल्याशिवाय टिकत नाहीत.