झाडांमागे एवढा वेळ कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"झाडांमागे एवढा वेळ घालवता, मग चित्रं कधी काढता?" हे इतक्या जणांनी विचारून झालंय की एकदाचं लिहूनच टाकते. त्याला जोडून "फुलांवरून प्रेरणा मिळत असेल ना" हेही येतंच. नाही मिळत. माझ्या चित्रांत फुलं नसतातच, नीट बघितलीत तर कळेल.

आणि फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं उदाहरण देऊ नका. त्यानं तळ्यासाठी जागा घेतली १८९३ मध्ये, कमळांची चित्रं त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली, म्हणजे आधी चिखल मग चित्र, हे पटतं मला. पण त्याच्याकडे माळी होते. मी स्वतः खुरपं घेऊन बसते आणि जे काही शिकले ते त्या बसण्यातच.

भिंतीवर चढवलेली कृष्णकमळाची वेल होती माझ्याकडे. तिचे ते स्प्रिंगसारखे तणावे, म्हणजे वेल ज्यांनी आधार धरते ते बारीक तंतू, कधीतरी जवळून बघा. टोक आधाराला अडकलं की तणावा गुंडाळायला लागतो, अर्धा एका दिशेला, मध्ये जरासा सरळ तुकडा, आणि पुढचा अर्धा बरोब्बर उलट्या दिशेला, कारण दोन्ही टोकं पक्की असताना एकाच दिशेनं गुंडाळत गेलं तर सगळा पीळ त्याच्यातच भरत राहणार. माझी रेषा तिथून बदलली. मोठ्या कॅनव्हासवर रेषा कुठे उलटवायची हे मी रोज सकाळी पाणी घालता घालता त्या वेलीसमोर ठरवत होते.

मग भिंत रंगवायची म्हणून वेल कापली. मला न विचारता, बुडापासून. मी बाहेर गेले होते, परत आले तर खाली ढीग पडलेला, तणावे अजून दोरीला घट्ट धरून. "फोटो आहेत ना तुझ्याकडे, त्यावरून कर की पूर्ण," असं जे म्हणाले त्यांच्यावर मी ओरडले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. फोटो होते, भरपूर होते. पण फोटोतला तणावा मागून कसा वळलाय हे वाकून बघता येत नाही, आणि उद्या तो कुठे जाणार हे तर नाहीच नाही. तो कॅनव्हास अजून अर्धाच आहे.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे, बाग वेगळी, स्टुडिओ वेगळा. ते खोटं नव्हतं, आजही रंग कालवताना मला झाडं आठवत नाहीत. पण मग वेल गेल्यावर हात का थांबला? कुंडीत नवीन कृष्णकमळ लावलंय. जुन्या कॅनव्हासला त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही, वेगळी वेल आहे ती, तिच्यातून तिचं वेगळंच काही निघेल किंवा नाहीही निघणार. पण सकाळचा वेळ तिचा, तेव्हा फोन उचलला नाही तर राग मानू नका.