आठ पतंग, तीन रात्री

पहाटे तीनला ऑनकॉलचा, म्हणजे सर्व्हर बिघडला तर उठवणारा, फोन केकाटला. सर्व्हरची डिस्क नव्वद टक्के भरली म्हणे. धडपडत लॅपटॉप उघडला, तर रोजचा बॅकअप चालला होता. चारपर्यंत जागा आपोआप मोकळी झाली. अलार्म मीच आदल्या आठवड्यात लावलेला. सकाळी टीम लीडचा निरोप आला: "चारला संपवलंस ना? मग दुपारी तीनपर्यंत कामाला बसू नकोस." इथं जर्मनीत कायदाच आहे, कामानंतर सलग 11 तास विश्रांती. दुपारी बैठकीत तिनं एवढंच विचारलं, "या अलार्मनं उठलेल्या माणसानं करायचं काय?" मला सांगता आलं नाही.

पुण्यातल्या आधीच्या ऑफिसात दिवसाला शेकडो अलार्म मेलवर यायचे. सगळ्यांनी ते वेगळ्या फोल्डरात वळवलेले. एकदा डेटाबेस खरंच बसला, तर इशारा तिथंच पडून राहिला आणि आम्हाला कळलं ग्राहकाच्या फोनवरून. मग 'तुझं लक्ष कुठं होतं' यावर दोन तास, आणि उपाय काय, तर आणखी अलार्म! पोरं हुशार होती हो, पण बोल आपल्यावर येईल म्हणून एकही अलार्म काढायला कोणी धजत नसे.

आणि हे गोऱ्यांकडूनच शिकावं असंही नाही. त्याच पहाटे झोप उडाली म्हणून बाबांना फोन लावला. ते वावरात सापळे मोजत होते. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं यवतमाळकडची पराटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, तेव्हापासून ते कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणारे सापळे, लावतात. एका सापळ्यात सरासरी आठ पतंग, सलग तीन रात्री, तरच फवारणी. एखाद्या रात्री जास्त पडले म्हणून ते पंप उचलत नाहीत. "आज तिसरी रात हाये," ते म्हणाले, "फवारा मारा लागते." किती, किती वेळ आणि मग करायचं काय, सगळं त्यात आलं.

आमचे अलार्म ज्यात लिहितो ते सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, प्रोमिथिअस, 2012 मध्ये इथंच, बर्लिनच्या साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत सुरू झालं. त्यातही अट ठरावीक वेळ टिकली तरच घंटा वाजेल असं लिहिता येतं. मी अलार्म नव्यानं लिहिला: याच वेगानं डिस्क चार तासांत संपणार असेल आणि हे अर्धा तास टिकलं, तरच उठवायचं. खाली कोणत्या फाइली आधी काढायच्या तेही लिहिलं.

बाबांना मात्र अकरा तास कोण देतं? रात्री रोही (नीलगाय) आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून जागल, सकाळी वेचणीच्या बाया आणायच्या. पोरगा तिकडं जाऊन बसला, असं गावात म्हणतात. बसलो खरा. पण वावराला झटका मशीन, म्हणजे जनावरांना विजेचा हलका झटका देणारं कुंपण, इथल्याच पगारातून लागलं, आणि आता माळ्यावर रात्री दोन-तीन तास त्यांचा डोळा लागतो.