मूस-सोडत, वर्ष बारावं: चूक कोडात नव्हतीच

नाही लागला नंबर. बाराव्यांदा. (नव्यांसाठी: मूस म्हणजे इथलं भलंमोठं हरीण, आणि अमेरिकेतल्या मेन राज्यात त्याच्या शिकारीची परमिटं सोडतीने वाटतात.)

जूनमधल्या सोडतीच्या दिवशी मी दरवर्षीसारखी लॅपटॉप उघडून बसले. नावं वाचायला तासन्‌तास लागतात, आणि माझी एक जुनी समजूत आहे की आपल्याला नाव ऐकून कळायचंच नाही, वाचणारा अडखळला की कळेल. यंदा तो दोनदा अडखळला. दोन्ही वेळा आडनावं पोलिश निघाली. संध्याकाळी यादीत स्वतःचं नाव शोधलं, मग नवऱ्याचं, मग दोन्हीची स्पेलिंगं चुकवूनही शोधलं. आईचा रत्नागिरीहून फोन आला तेव्हा तिला म्हटलं, म्हाडाच्या सोडतीसारखंच आहे गं, फक्त इथे घराऐवजी मूस मिळतो. तिच्या डोळ्यांसमोर अजूनही सोनाराची मूसच येते.

पण ही नोंद रडगाण्यासाठी नाही. मागच्या दोन नोंदींपासून अडलेलं सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकावर खोट्या सोडती चालवून माझी शक्यता काढायचं, घोडं एकदाचं गंगेत न्हालं, आणि ते ज्या प्रकारे न्हालं ते वाचून तुम्ही मला हसणार आहात.

आधी मूस टिपायला रानात लावलेल्या कॅमेऱ्यांची खबर उरकते. तीनपैकी दोन हिवाळाभर चालले. लिथियम सेल महाग पडतात म्हणून कुरकुरणाऱ्यांना पुन्हा सांगते, उणे पंचविसात अल्कलाइन सेल म्हणजे देवासमोर विझलेली समई. तिसऱ्यात मी स्वस्तातलं मेमरी कार्ड घातलं होतं, त्याने मार्चमधले अकरा दिवस गिळले. माझीच कंजुषी.

उरलेल्या दोघांपैकी एकाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला जो फोटो दिला, तो मी अजून पुरता पचवलेला नाही. गेल्या वर्षीचं वासरू. मान आणि खांद्यांवरचे केस घासून घासून तुटलेले, उरलेली खुंटं पांढुरकी, फासळ्या बाहेरून मोजता येतील अशा. इथे त्याला 'भूत मूस' म्हणतात. दुसऱ्या दिवशी कार्ड आणायला गेले तेव्हा बर्फात त्याच्या बसण्याची जागा दिसली. अंगाच्या आकाराचा खळगा, त्यात लाल ठिपके, आणि ठिपक्यांच्या मधोमध रक्त पिऊन द्राक्षाएवढ्या फुगलेल्या गोचिडी. एका बैठकीत मी ५७ मोजल्या, मग थांबले. त्यानंतर ते वासरू कॅमेऱ्यात आलेलं नाही.

आता सिम्युलेशन. नव्यांसाठी एका दमात: मेनमध्ये नंबर न लागलेल्या प्रत्येक वर्षाचे बोनस पॉइंट साठतात. पहिली पाच वर्षं दरसाल १, सहा ते दहा दरसाल २, अकरा ते पंधरा दरसाल ३, आणि सोळाव्यापासून दरसाल १०. जितके पॉइंट तितक्या जादा चिठ्ठ्या. परमिटं हल्ली चार हजारांच्या वर, अर्ज सत्तर हजारांच्या घरात. मला हवं होतं एवढंच, की या वर्षी माझी शक्यता नेमकी किती.

हिवाळ्यात एक्सेलमध्ये सरळ त्रैराशिक मांडलं होतं: माझ्या चिठ्ठ्या भागिले एकूण चिठ्ठ्या, गुणिले परमिटं. एकूण चिठ्ठ्यांचा आकडा माझा अंदाजी, हे तेव्हाही सांगितलं होतं. उत्तर आलं जवळपास १६ टक्के. पहिली चूक तिथेच होती. मी यंदाचे ३ पॉइंटही धरले होते, पण ते नंबर न लागल्यावर मिळतात. खऱ्या चिठ्ठ्या १९: अकरा वर्षांचे १८ पॉइंट आणि यंदाच्या अर्जाची एक. आकडा १४ वर आला.

दुसरी गोष्ट ग्रुपवर एकाने दाखवली, त्याचे आभार. एकदा नाव निघालं की त्या माणसाच्या उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. त्रैराशिकाला हे कळत नाही, म्हणजे चाळीस चिठ्ठ्यांवाल्यांची शक्यता फुगते आणि नवख्यांची आक्रसते. मग पायथनमध्ये गेले. सुरुवातीला प्रत्येकाच्या तितक्या चिठ्ठ्या खरोखरच यादीत ओतल्या, म्हणजे पाच-सहा लाख ओळी, एकेक काढायची, त्या माणसाच्या बाकीच्या पुसायच्या. एक हजार सोडती चालवायला रात्र जायची आणि लॅपटॉपच्या पंख्याने घर डोक्यावर घेतलेलं असायचं. त्यावरची युक्ती सापडली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःला एक लाडू बक्षीस दिला. चिठ्ठ्या ओतायच्याच नाहीत. प्रत्येक माणसाला शून्य ते एक यांमधला एक रँडम आकडा द्यायचा, त्याच्या जितक्या चिठ्ठ्या तितकाव्या घाताचं मूळ काढायचं, उतरत्या क्रमाने लावायचं आणि वरचे चार हजार उचलायचे. बस. एक सोडत डोळ्याचं पातं लवायच्या आत. ज्यांनी अजून एक्सेलमध्ये संसार मांडलाय त्यांनी कृपया बाहेर पडा, त्यात हे करणं म्हणजे विळीवर लाकूड तोडणं.

नवा आकडा १३ च्या किंचित वर. मी खूश. आणि इथून पुढे दोन महिने वाया गेले.

कारण पडताळणी जुळेना. माझ्याकडे हाताने लिहिलेली वही आहे: ओळखीतले, शेजारचे, टॅगिंग स्टेशनवर (शिकार नोंदवायच्या केंद्रावर) गप्पा मारताना भेटलेले ४१ जण, कुणाचे किती पॉइंट, कुणाचा कधी लागला. मॉडेलच्या हिशेबाने यांच्यातले जितके लागायला हवे होते, त्याच्या निम्मेही लागले नव्हते. ४१ हा नमुना लहान आहे, मान्य. पण चूक एकाच बाजूला झुकलेली होती. रँडम आकडे ज्यापासून सुरू होतात ते 'बी' बदललं. बिगरनिवासींचा, म्हणजे राज्याबाहेरच्यांचा, कोटा वेगळा केला (जाता जाता: बिगरनिवासी १५ डॉलरला एक, २५ ला तीन, ३५ ला सहा आणि ५५ ला दहा चिठ्ठ्या घेऊ शकतात, न्यू हॅम्पशायरमधल्या नाशुआचा माझा दीर दर मे महिन्यात हे मला ऐकवतो, मला हा प्रकार आवडत नाही). पॉइंटांची वाटणी तीन वेगवेगळ्या आकारांत करून पाहिली. दरवेळी तेच. एका रात्री तर अख्खा कोड पुसून कोऱ्या फाइलपासून लिहिला आणि दशांशापर्यंत तेच चुकीचं उत्तर मिळवलं.

उत्तर मिळालं ते शेजारच्या आजोबांच्या टेबलावर. वय ७८. १९८० मध्ये, शिकार १९३५ पासून बंद राहिल्यावर पहिल्यांदा ७०० परमिटांची सोडत निघाली, तेव्हाही यांचा अर्ज होता. १९८३ मध्ये शिकार पुन्हा बंद करायची का यावर राज्यात मतदान झालं आणि तो प्रस्ताव पडला, ते दिवसही यांच्या तोंडून ऐकावेत. कॅमेरे त्यांच्याच जमिनीवर आहेत, मूसहेड तळ्याच्या वर. मी त्यांना आलेख दाखवत होते. ते आलेखाकडे न बघता म्हणाले, "तुझा अर्ज दाखव."

अर्जाच्या छापील प्रती मी जपून ठेवते. त्यांनी बोट ठेवलं. सप्टेंबरचा हंगाम, फक्त बुल (नर), दोन डिस्ट्रिक्ट (शिकारीचे विभाग). आणि खाली तो प्रश्न: पसंतीचं काही शिल्लक नसेल तर दुसरं परमिट चालेल का? माझी टिक 'नाही' वर. दरवर्षी. बारा वर्षं.

"मग तुझं नाव निघालं असेलही," आजोबा म्हणाले, "आणि पुढे गेले असतील."

म्हणजे नाव निघणं आणि परमिट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी मॉडेलमध्ये पहिलीच मोजत बसले होते. सप्टेंबरचा बुल सगळ्यांनाच हवा. माज ऐन भरात असतो, हाक घातली की बुल उत्तर देतो, चालत येतो. ती परमिटं यादीत वरच्या वर संपतात. वहीतल्या ४१ जणांना फोन आणि मेसेज केले. तेहेतीस जणांनी सांगितलं, त्यातल्या बहुतेकांची टिक माझ्यासारखीच. पसंतीक्रम मॉडेलमध्ये घातला, डिस्ट्रिक्टप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे कोटा तोडला, आणि वही पहिल्यांदा मॉडेलशी बोलू लागली. माझा आकडा? पाच टक्क्यांच्या आत. कोड बरोबर होता, मीच अर्धवट माहिती भरवत होते. लाडू परत करायला हवा.

इथपर्यंत लिहून माझा बेत ठरला होता: पुढच्या वर्षी २२ चिठ्ठ्या, हंगाम तोच, फक्त डिस्ट्रिक्ट दोनाचे सहा करायचे. पण हे लिहिता लिहिता मॉडेलमध्ये आणखी एक रकाना चालवून पाहिला, मादीच्या परमिटाचा, आणि आकडा असा उसळला की बेत बदलावा लागतोय.

मादीचं परमिट म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात, हे मला माहीत आहे. माझ्याही यायच्या. आधीच वासरं मरताहेत आणि वर माद्या मारायच्या? पण डिस्ट्रिक्ट ४ चा प्रयोग नीट समजून घेतला की गणित उलटं दिसतं. ही हिवाळी गोचीड अळीपासून पूर्ण वाढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. शरद ऋतूत अळ्या झुडपांच्या टोकाला एकमेकींचे पाय धरून झुंबरासारख्या लटकतात, जाणाऱ्या मूसला चिकटतात, हिवाळाभर रक्त पितात आणि मार्च-एप्रिलमध्ये गळून पडतात. पहिला बर्फ उशिरा पडला की त्यांना लटकायला जास्त दिवस. आणि रानात मूस दाट असले की प्रत्येक झुंबराला गिऱ्हाईक. न्यू हॅम्पशायर आणि पश्चिम मेनमध्ये २०१४ ते २०१६ दरम्यान मेलेल्या वासरांवर सरासरी ४७ हजारांवर गोचिडी निघाल्या होत्या. मेनमध्ये २०२१-२२ च्या हिवाळ्यात रेडिओ कॉलर लावलेल्या ७० वासरांपैकी ६० मेली. म्हणून २०२१ पासून डिस्ट्रिक्ट ४ च्या अर्ध्या भागात मुद्दाम शेकडो जादा मादी-परमिटं दिली, उरलेला अर्धा तसाच ठेवला. दाटी कमी केली तर गोचिडी कमी होतात का आणि उरलेली वासरं तगतात का, ते पाहायला. व्हरमाँटचाही हिशेब हाच, चौरस मैलाला एकाहून जास्त मूस झाले की गोचिडींचं फावतं.

म्हणून परमिटांच्या आकड्यावरून मूसची तब्येत जोखणं सोडा, ही माझी कळकळीची विनंती. ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी तो आलेख टाकतं. मेनमध्ये २०१३ ला चार हजारांवर, २०१७ ला दोन हजारांच्या आसपास, मग पुन्हा चार हजारांवर. त्यावरून मूस निम्मे होऊन दुप्पट झाले असं होत नाही. न्यू हॅम्पशायरचा आकडा मात्र वेगळी गोष्ट सांगतो: १९८८ ला ७५, २००७ ला ६७५, २०१७ ला ५१. तिथे कळपच आटलाय. मिनेसोटात २००६ चा अंदाज ८,८०० च्या वर होता, २०१३ ला २,८०० च्या खाली. त्यांनी शिकारच थांबवली, आणि तिथे गोचिडींच्या जोडीला हरणांकडून येणारा मेंदूतला कृमी, लांडगे आणि उष्माही आहे. एकाच शब्दात तिन्ही राज्यं कोंबू नका.

तर नवा बेत: पसंती एक, सप्टेंबर-बुल, सवयीने. पसंती दोन, ऑक्टोबर अखेरची मादी. खालच्या प्रश्नाला 'हो'. नवऱ्याचं म्हणणं, वासरू सोबत असलेल्या मादीवर आपण गोळी चालवायची नाही. मान्य. तेवढ्यासाठी परमिट वाया जायची तयारी आहे. त्या एप्रिलच्या फोटोनंतर मला हाकेला आलेला बुल आधीसारखा दिसत नाही, एवढंच सांगते.

आणि हे आत्ता सुचलं. कॅमेरा गोचिडी दाखवतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. टॅगिंग स्टेशनवर जीवशास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये बुलच्या कातड्यावर ठरावीक पट्ट्यांत गोचिडी मोजतात, पण झुडपावरच्या अळ्या आपल्यालाही मोजता येतील. रीत सोपी: चौरस मीटरभर पांढरं फ्लॅनेल काठीला बांधायचं, कमरेच्या उंचीवर झुडपांवरून ओढत न्यायचं, ठरावीक पावलांवर थांबायचं, कपड्यांची लव काढायच्या चिकट रोलरने अळ्या उचलायच्या आणि भिंगाखाली मोजायच्या. तीच वाट, दर आठवड्याला, पहिला बर्फ पडेपर्यंत. घरात फ्लॅनेल नाही, पण आईने मागच्या खेपेला दिलेले दोन पांढरे पंचे आहेत. सुताला अळ्या फ्लॅनेलइतक्या चिकटतील का, शंका आहे. म्हणून आजोबांकडून त्यांची जुनी फ्लॅनेलची चादर मागून घेतलीय, दोन्ही शेजारी शेजारी ओढून बघणार. पहिली फेरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. कुणाकडे दहापट भिंग पडून असेल तर कळवा, टपालखर्च माझा.