आमची वाटचाल: बर काढण्याच्या टेबलापासून मशीनपर्यंत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी तयार करून द्यायच्या, हा आमचा धंदा. सासऱ्यांनी दोन लेथवर सुरुवात केली. यजमानांनी त्यात सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीनं आणली. मी आले ती हिशेब सांभाळायला. पगारपत्रक माझ्याच हाताखालून जायचं, म्हणून पुढची गोष्ट आधी माझ्या नजरेत भरली.

आमच्याकडे बायका पहिल्यापासून आहेत, आजूबाजूच्या बहुतेक शॉपमध्येही आहेत. बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेले धातूचे कंगोरे, काढायला, जॉब (काम चाललेला भाग) धुवायला, गंजू नये म्हणून तेल लावून पॅकिंग करायला. पत्रकात त्या सगळ्या अकुशल, आणि मशीनवर सगळे पुरुष. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत, तिथं बाई-पुरुष असा भेद नाही. समान कामाला समान वेतन देणारा कायदा तर १९७६ मध्येच आला होता. तरीही हेल्पर पोराचा रोज जास्त आणि टेबलावरच्या बाईचा कमी, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की कुणी विचारतच नव्हतं.

आम्ही एक साधी गोष्ट केली. नावं झाकून फक्त कामं लिहून काढली. टेबलावरची बाई नुसती कानस मारत नव्हती. ती भोकातला प्रत्येक आटा (स्क्रूची चूड) प्लग गेज हे मापाचं साधन घालून बघत होती, बोअरमधली ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेली पोकळ छिद्रं, ओळखून माल बाजूला काढत होती, किती रिजेक्ट झाले ते वहीत लिहीत होती. ही तपासणीच झाली. नाव झाकल्यावर त्या कामाला अकुशल म्हणायला मिस्त्रीसुद्धा तयार होईनात. त्या महिन्यापासून त्यांचा वर्ग बदलला. पगाराचा खर्च वाढला आणि आम्ही तो आमच्याच नफ्यातून सोसला. इतर मालकांना मी आजही हेच सांगते: समानतेची सुरुवात भाषणानं करू नका, पगारपत्रक उघडा.

मशीनवर बाई उभी करायची म्हटल्यावर खरी चर्चा सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, बॉडी चौदा किलोची हाय. दिवसभर चकात चढवायची-उतरवायची कोण?" चक म्हणजे जॉब पकडून फिरणारा मशीनचा जबडा. प्रश्न रास्त होता. पण मग तो पुरुषांनाही लागू होताच. कंबरदुखीनं रजा टाकणारे ऑपरेटर आमच्याकडे कमी नव्हते. त्यांनी सोसलं म्हणून ते काम हलकं ठरत नाही. आम्ही वजन उचलायला मशीनशेजारी जिब क्रेन आणि चेन होइस्ट बसवला, जॉब सरकवायला रोलर टेबल केलं, कंट्रोल पॅनेलपुढं उंचीप्रमाणे ठेवायला लाकडी पाट केले. चक हायड्रॉलिक, पायाच्या पेडलवर चालणारा, तिथं ताकदीचा प्रश्नच नाही. होइस्ट आल्यावर सगळ्यात जास्त खूश झाले ते आमचे पन्नाशीचे लेथवाले काका.

टेबलावरच्या एका मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "शिकतो की वहिनी, पर जॉब बिघडला तर पैसं कापू नका." शिकाऊ पोरांच्या हातूनही टूल तुटतात, ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची टूलच्या मापाची दुरुस्ती, चुकीचा पडला की जॉब वाया जातो, ते शिकण्याचा भाग समजून सोडून देतात. बाईच्या हातून तेच झालं की "बघा, म्हटलं नव्हतं?" असं होतं. म्हणून शिकण्याच्या काळातल्या रिजेक्शनचे पैसे कुणाचेच कापायचे नाहीत, हे लिहून फलकावर लावलं. आज त्या मावशी स्वतः ऑफसेट देतात, पहिला पीस मायक्रोमीटरनं तपासून सही करतात. त्यांच्यामागून आणखी बायका मशीनवर आल्या, आयटीआय केलेल्या मुलीही येऊ लागल्या. एक बारीक गोष्ट सांगते, ती त्यांच्या दृष्टीनं मोठी आहे: २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलेला व्यवसाय कर लागत नाही. त्यामुळं वाढलेला पगार त्या बाबतीत तरी अख्खा हातात पडला.

सेफ्टी शूज बायकांच्या मापाचे दुकानदाराकडे नसायचे, ते मुद्दाम मागवून घेतले. ढिल्या बुटात पाय घसरतो आणि फिरत्या चकापुढं ते परवडत नाही. दागिन्यांचा प्रश्न मात्र अवघड होता. फिरत्या चकाजवळ बांगडी, लोंबतं मंगळसूत्र, ओढणी काहीच चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा केला. पुरुषांचं कडं, अंगठी, हातातला दोरा, गळ्यातली साखळीसुद्धा लॉकरमध्ये. तरी एका सुनेच्या घरून निरोप आला, की मोकळ्या हातानं आमची सून उभी राहणार नाही, लोक काय म्हणतील. आम्ही दोघं तिच्या घरी गेलो, मशीन कसं फिरतं ते मोबाइलवर दाखवलं. आमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि सरकारनं तो राज्यभर नेण्याचं परिपत्रक काढलं. त्यानंतर या विषयावर घराघरांत मोकळेपणानं बोलणं झालं आणि आमचंही काम सोपं झालं. आमच्याकडच्या दोन विधवा बायकांना तर इथं पहिल्यांदाच सगळ्यांसारखं वाटलं. मशीनवर सगळ्यांचेच हात मोकळे.

चहाच्या वेळी इतर मालक हमखास विचारतात: "बाळंतपणाला सव्वीस आठवडे घरी बसवून पगार द्यायचा? परवडतं कसं?" या भीतीनं किती मुलींना नोकरी नाकारली जात असेल, याचा विचार केला की जीव तुटतो, कारण भीती बरीचशी चुकीची आहे. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं, २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार विमाधारक होतो. मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के, बाई असो वा पुरुष. आधीच्या दोन वर्गणी-काळांत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली, की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचा पैसा ईएसआय महामंडळ देतं, तोही सरासरी रोजाइतका पूर्ण. आमचं काम काय, तर वर्गणी वेळेवर भरायची, तिच्या जागी तात्पुरता माणूस तयार ठेवायचा आणि ती परत आल्यावर तिचंच मशीन तिला द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बाळंतपणाहून आलेल्या बाईला पुन्हा पॅकिंगला बसवलं, तर तिनं शिकलेलं सगळं पाण्यात जातं.

एक फरक मात्र पगाराचा वर्ग बदलूनही उरला होता. रेट सारखा, पण ओव्हरटाइम पुरुषच करायचे, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. बायकांचं शेवटचं वडाप (प्रवासी जीप) चुकलं की टोप, हालोंडी, शिये या गावांना जायचं कसं? म्हणून ओव्हरटाइम पाळीपाळीनं लावतो आणि त्या संध्याकाळी घरी सोडायला गाडी देतो. रात्रपाळीला आम्ही बायकांना अजून बोलावत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनं ती वाट अटींसह मोकळी झाली, पण एवढ्या छोट्या युनिटला ती सुरक्षितता पुरेशी देता येते, असं मला अजून वाटत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा कामगारांवर तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य महिला आणि बाहेरची एक व्यक्ती. आधी आमच्याकडे वरिष्ठ म्हणावी अशी बाईच नव्हती. मशीनवरच्या बायका वर आल्या तेव्हा समितीलाही वजन आलं. माल न्यायला येणाऱ्या एका टेम्पोचालकाबद्दल तक्रार आली, तेव्हा समितीनं चौकशी केली, ट्रान्स्पोर्टवाल्याला लेखी कळवलं आणि त्या माणसाचं आमच्या गेटवर येणं बंद झालं.

आता पाळणाघराचं बघतोय. कायद्यानं ते ५० कामगारांवर बंधनकारक, आम्ही त्याच्या खूप खाली. पण दोघी ऑपरेटर केवळ मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून सोडून गेल्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची सोय आहे. आमच्याच ओळीतल्या तीन युनिटच्या मालकांशी बोलणं झालंय, एकाकडं रिकामी खोली आहे. सांभाळणाऱ्या ताईंचा पगार कसा वाटून घ्यायचा, यावर पुढच्या आठवड्यात बसतोय.