जुनी ऑक्टाव्हिया आरएस इंदूरहून कोकणात न्यायची असेल तर

कोकणात जायची तारीख ठरली असेल, तर गाडी गॅरेजला त्याच्या महिनाभर आधी लागली पाहिजे. निघायच्या आदल्या आठवड्यात "एकदा सगळं बघून घ्या हो" म्हणत गाडी टाकायची आणि मग इंदूरहून निघाल्यावर लागणाऱ्या मानपूरच्या पुढे बोनेट उघडून उभं राहायचं, हा प्रकार फार होतो. वीस वर्षांच्या गाडीत हात घातला की शेजारचं काहीतरी हलतंच. कुठली तरी ठिसूळ क्लिप तुटते, एखादा कनेक्टर अर्धवट बसतो, होजचा क्लॅम्प घट्ट करायचा राहून जातो. अशी चूक पहिल्या तीनशे-चारशे किलोमीटरमध्ये बाहेर येते. तेवढे किलोमीटर घराजवळ काढायचे.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस धरली आहे: 1781 सीसी, वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 बीएचपी, पाच गिअर. एवढी मोठी डिक्की असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद घालायचा तर रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या बाजारात, भरपूर वेळ असतो. दुसऱ्या कुठल्या जुन्या टर्बो गाडीवाल्यालाही यातलं बरंच लागू पडेल, कारण या गाड्यांची दुखणी जवळपास सगळी रबर, प्लॅस्टिक आणि उष्णता यांतून येतात.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. आपल्याकडच्या धुळीत आणि उन्हात साठ हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षं, यातलं जे आधी येईल ते धरावं. सेकंडहँड गाडीला बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच समजायचं, आधीच्या मालकाने कितीही शपथा घातल्या तरी. या इंजिनात बेल्ट तुटला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हना भिडतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नुसता बेल्ट बदलून भागत नाही. रोलर, हायड्रॉलिक टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच बैठकीत बदलावेत, कारण या आडव्या बसवलेल्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा कोरा बेल्टही त्याच्याबरोबर जातो. काम दिवसभराचं आहे. उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं आणि त्याचे बोल्ट परत वापरायचे नसतात, कारण ते ताणून बसवण्याचे बोल्ट आहेत. ही गोष्ट गॅरेजवाल्याला आधीच सांगून नवे बोल्ट मागवून ठेवावेत, नाहीतर संध्याकाळी जुनेच परत बसतात. बेल्ट चढल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते समोर उभं राहून पाहावं.

पंप मागवताना धातूचा इम्पेलर (कूलंट ढकलणारं पात्यांचं चाक) असलेला मागा. या इंजिनांत प्लॅस्टिकचा इम्पेलर असलेले बरेच पंप बसले. वर्षानुवर्षं गरम कूलंटमध्ये राहून ते प्लॅस्टिक तडकतं आणि इम्पेलर दांड्यावर सैल होतो. मग दांडा फिरतो, इम्पेलर फिरत नाही. बाहेर कुठे गळती नाही, कूलंट पूर्ण, आणि तरी गाडी तापते. याची एक खूण अशी: इंजिन गरम असताना केबिनचा हीटर लावला तर हवा थंडच येते. पंपाबरोबर थर्मोस्टॅटही बदलून टाका. तो 87 अंशांच्या आसपास उघडायला लागतो, आणि जुना झाला की उघडायचं विसरतो.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नये. हा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला आहे. साधारण 75 पासून 105 अंशांपर्यंत तो बरोबर मध्ये 90 वरच बसतो. तो वर सरकेपर्यंत मामला बराच पुढे गेलेला असतो. स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान पाहत गाडी चालवा. मोकळ्या रस्त्यावर आकडा नव्वदीच्या आसपास राहिला पाहिजे, घाट चढताना शंभरपर्यंत गेला तर चालतो, पण चढ संपल्यावर दोन-चार मिनिटांत परत खाली यायला हवा. खाली येत नसेल तर पंप, थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर यांपैकी कुणीतरी कामचुकारपणा करतंय. आकडाच वेडावाकडा उडत असेल तर आधी तापमानाचा सेन्सर बदला. हा चार पिनांचा सेन्सर या गाड्यांत हमखास जातो आणि किमतीने किरकोळ आहे.

रेडिएटरच्या पंख्यांची परीक्षा एका मिनिटाची. इंजिन चालू करून एसी लावा. दोन्ही पंखे लगेच हळू वेगात फिरायला हवेत. पहिला वेग मेलेला असला तरी जास्त तापल्यावर दुसऱ्या वेगात पंखे सुरू होतात, त्यामुळे शहरात कुणाच्या लक्षात येत नाही. मेच्या दुपारी निमाडात, घाटाखालच्या नर्मदेच्या खोऱ्यात, टोलच्या रांगेत उभं राहिलं की येतं. पंखे फिरत नसतील तर बॅटरीच्या झाकणावरची फ्यूजपेटी उघडा. तिथे पट्टीसारखे मोठे फ्यूज स्क्रूने कसलेले असतात. स्क्रू सैल झाला की तिथे उष्णता होते, खालचं प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळायला लागतं. पेटी अशी दिसली तर पूर्ण बदला. वितळलेल्या पेटीत नवा फ्यूज कसून काही होत नाही, तोही महिनाभरात तसाच होतो.

कूलंट जी12 प्रतीचं, म्हणजे गुलाबी किंवा जांभळट. आत हिरवं-निळं भरलेलं असेल आणि त्यावर गुलाबी ओतलं तर दोन्ही मिळून तपकिरी चिखल तयार होतो. आत काय आहे याची खात्री नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच नवं भरावं. प्रमाण अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी पिण्याला कितीही गोड असलं तरी रेडिएटरमध्ये नको, क्षार आत बसतात. हेडच्या बाजूला एक काळा प्लॅस्टिकचा फ्लँज आहे, त्यात तो सेन्सर बसतो. तिथे वाळलेल्या गुलाबी डागांची पुटं दिसली तर फ्लँज आणि त्याची रबरी रिंग बदला. एक्स्पान्शन टाकीचं झाकण दाब धरत नसेल तर कूलंट कमी तापमानालाच उकळतं. जुनं झाकण सरळ बदलावं.

आता तेल. 5डब्ल्यू-40, फोक्सवॅगनचं 502 00 मानांकन असलेलं, फिल्टरसकट सुमारे साडेचार लिटर. पंधरा हजार किलोमीटरचा हिशेब विसरा, या टर्बोला सात-साडेसात हजारांवर तेल बदललेलं बरं. तेल वेळेवर बदललेलं नसेल तर टर्बोजवळ ते जळतं, त्याचा काजळीसारखा चिखल होऊन खाली तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतो. मग उतारावर, गरम इंजिनात, तेलाचा लाल दिवा आणि तीन बीप. तसा दिवा लागला की पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद. जुन्या गाडीचा इतिहास माहीत नसेल तर मोठ्या प्रवासाआधी एकदा चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून जाळी धुऊन घ्यावी. परत बसवताना सिलिकॉन बारीक धारेने लावायचं. मिस्त्री सढळ हाताने लावतो, जादाचं सिलिकॉन आत पडतं आणि त्याच जाळीत जाऊन बसतं. चेंबर ॲल्युमिनियमचा आहे, म्हणून ड्रेन बोल्ट 30 न्यूटन मीटरच्या वर कसू नये, आटे जातात. आणि इंजिनाखालचं गार्ड नसेल तर ते आधी लावा. गावच्या गतिरोधकांवर पहिला मार या चेंबरलाच बसतो.

तेलाची काडी ज्या नारिंगी नळीत जाते ती नळी एव्हाना खारी बिस्किटासारखी झालेली असते. काडी ओढताना तिचे तुकडे पडतात. नवी नळी फार महाग नाही, आधीच बदला.

रिकाम्या वेगावर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) इंजिन वरखाली होत असेल किंवा ब्रेकचं पेडल दगडासारखं लागत असेल तर इनटेक मॅनिफोल्डखालचे होज पाहा. क्रँककेसची वाफ नेणारे हे रबरी पाइप तेलाने फुगून मऊ होतात आणि चिरतात. ब्रेक बूस्टरला मिळणारी ओढही इथूनच जाते, म्हणून हा प्रश्न नुसत्या ॲव्हरेजचा नाही. ओबीडीवर लाँग टर्म फ्यूल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) प्लस दहाच्या वर दिसला तर हवा कुठून तरी शिरतेय असं समजा. हे पाइप सुटे घेण्यापेक्षा पूर्ण संच घ्या, एक बदलला की शेजारचा हाताला लागून तुटतोच.

इग्निशन कॉइल चार, प्रत्येक प्लगवर एक, आणि त्या न सांगता जातात. गाडी मिसिंग करायला लागून चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर जोर देऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याची वाट लावतं. कोड पी0303 म्हणजे तिसरा सिलिंडर. एक जादा कॉइल डिक्कीत असली तर रस्त्यावर दहा मिनिटांचं काम: कनेक्टर सोडवा, कॉइल वर ओढा, नवी दाबून बसवा. मात्र कनेक्टरजवळच्या वायरींचं आवरण उष्णतेने कडक झालेलं असतं, जोरात ओढलं की तांबं उघडं पडतं. प्लग नवे घाला, फट 0.8 मिलिमीटर, थंड इंजिनात 30 न्यूटन मीटर.

पेट्रोलबाबत: पंपावर आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. 95 ऑक्टेनचं पेट्रोल भरा, फ्यूल फिल्टर नवा टाका आणि रबरी फ्यूल पाइप वाकवून चिरा दिसतात का ते पाहा. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, ती पहिल्या काही टाक्यांत फिल्टरमध्ये येते. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर जुनं पेट्रोल काढूनच टाकावं.

जाताना गणपती घाट आणि पुढे बिजासन घाट, दोन्ही उतार आहेत, त्यामुळे ब्रेकवर कंजुषी नको. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि ते फारसं कुणी बदलत नाही. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येऊ शकते. उतारावर ते उकळलं की पेडल मऊ होऊन तळाला जातं. एक लिटर लागतं, एअर काढताना मागच्या दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. क्लचलाही हीच टाकी आहे. मागचे पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन दाबत दाबत फिरवून आत न्यावा लागतो. सी क्लॅम्पने नुसता दाबला तर हँडब्रेकची यंत्रणा मोडते, हे सगळ्या गॅरेजना ठाऊक असतंच असं नाही. आणि घाटात तिसरा गिअर. ट्रकांच्या मागे ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी शाबूत असली तरी लांबच्या प्रवासाला नको. स्टेपनी तर बऱ्याच गाड्यांत गाडीच्याच वयाची निघते. बाहेरून अलॉय बसवले असतील तर त्यांचे बोल्ट स्टेपनीच्या चाकाला चालतात का ते घरी तपासा. लांबीने जास्त असतील तर आत घासतात. बोल्ट 120 न्यूटन मीटर, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. हवेचे आकडे पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले आहेत, हवा टायर थंड असताना भरायची. पुढच्या लोअर आर्मचे मागचे बुश, लिंक रॉड आणि सीव्ही जॉइंटचे बूट एकदा खालून पाहून घ्या, अलाइनमेंट त्यानंतर.

बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. आरसी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण केलेली आहे ना, हेही पाहा.

हे सगळं झालं की इंदूरजवळच्या सिमरोलवरून चोरलचा एक फेरा मारा. घाट चढताना, एसी लावून, तापमानाचा आकडा कसा वागतो ते कळतं. परत आल्यावर गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग कुठल्या रंगाचे आणि कुठे पडलेत ते बघा. पुढचे दोन-तीन आठवडे रोजच्या वापरात घाला. त्यात नवं काही निघालं नाही तर शेवटच्या आठवड्यात गाडीला हात लावू नका, फक्त धुवा.

डिक्कीत काय: एक कॉइल, एक प्लग, फ्यूल पंपाचा 409 क्रमांकाचा रिले, फॅन बेल्ट, सगळ्या आकारांचे फ्यूज, त्यांत बॅटरीवरचा पट्टीचा एक, इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेले पाच-सहा होज क्लॅम्प, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, तयार मिसळलेलं दोन लिटर कूलंट, एक लिटर तेल, टॉर्क्स आणि ॲलनचे पाने, चाकाच्या लॉक बोल्टची चावी. ही चावी लोक घरी विसरतात. टेप फाटलेल्या होजवर ताणून गुंडाळली की सावकाश पुढच्या शहरापर्यंत नेते, पण पाइप कोरडा आणि इंजिन थंड हवं.

निघायचं पहाटे चार-साडेचारला, म्हणजे ऊन चढायच्या आत सेंधवा मागे पडतं आणि निमाडची भट्टी टळते. थांबताना टर्बोला मिनिटभर रिकाम्या वेगावर चालू द्या. धुळ्याला चहाला उतरलात की सपाट जागी पाच मिनिटांनी काडी पाहा. या इंजिनाने हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल खाल्लं तर घाबरायचं कारण नाही. त्याहून जास्त खात असेल तर नाशिकमध्ये आणखी एक लिटर विकत घ्या आणि टर्बोची चौकशी परत आल्यावर करा.