फाईल वाचण्याची शिस्त

आज नागपूरच्या जिल्हा न्यायालयात सिनिअर सरांसोबत एका दिवाणी दाव्याच्या सुनावणीला उभी होते. सरांनी साक्षीदाराच्या शपथपत्रातील तारखा सातबाऱ्यावरील फेरफार नोंदींशी आधीच ताडून पाहिल्या होत्या, म्हणूनच उलटतपासणीत मोजक्याच प्रश्नांत जमिनीच्या ताब्याचा मुद्दा स्पष्ट झाला. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने मुदत वाढवल्यास ९० दिवसांपर्यंत, प्रतिवादीने दाव्याला आपले उत्तर, म्हणजे लेखी जबाब, दाखल करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते; परंतु त्या मुदतीत पक्षकाराकडून कागदपत्रे मिळवणे हेच नव्या वकिलाचे खरे काम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. उद्याच्या तारखेचे वकीलपत्र आणि दस्तऐवजांची यादी आज रात्रीच तयार करते आहे.